तीन पाणी आणि एक मिक्सर

मी कुठे काम करते हे माझ्या बाबांना माहीत आहे. काय काम करते हे माहीत नाही. वागळे इस्टेटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, कॉम्प्युटरसमोर, हेडफोन लावून. एवढं वर्णन खरं आहे आणि गेली तीन वर्षं कोपरीच्या आमच्या घरात ते पुरलं आहे. पुढचं वाक्य मी कधी बोललेच नाही. ते असं, की मी दिवसभर चावट सिनेमे बघते आणि ते घरच्यांबरोबर बसून बघण्यासारखे आहेत की नाहीत हे ठरवते.

दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. शेवटी आमच्या ऑफिसातल्या लिमये बाई म्हणाल्या, "लिही गं मधुरा. नाहीतर लोकांना वाटेल, ते चौकोन यंत्र लिहितं." म्हणून लिहिते आहे.

चौकोन म्हणजे काय ते आधी सांगते. टीव्हीवर आणि मोबाइलवर सिनेमे दाखवणाऱ्या एका कंपनीसाठी आमचं छोटं ऑफिस काम करतं. सिनेमाच्या नावावर बोट ठेवलं की खाली एक चौकोन उघडतो. त्यात चार ओळी असतात: घरच्यांबरोबर बघावा का, कुणाबरोबर बघू नये, कितव्या मिनिटाला काय आहे. त्या चार ओळी आम्ही लिहितो. शेजारी एक फोन नंबर असतो. शंका असेल तर लोक फोन करतात, आणि लोकांना शंका फार असतात.

"म्हणजे सेन्सॉर?" असं विचारणारे पुष्कळ भेटतात. नाही. सेन्सॉरचं प्रमाणपत्र वय सांगतं. नातं सांगत नाही. चाळीस वर्षांचा मुलगा आणि सत्तर वर्षांचे त्याचे वडील, कायद्याने दोघेही प्रौढ. मुलाने तो सिनेमा मित्रांबरोबर बघितला तर तो पोट धरून हसेल. वडिलांनी त्यांच्या कट्ट्यावरच्या मंडळींबरोबर बघितला तर तेही हसतील. पण दोघांना एका सोफ्यावर बसवा, की दोघांचंही प्रौढपण संपलं. आमचं काम त्या सोफ्याचं आहे.

सोफ्यावरचा अवघडलेपणा मोजायचा कसा? त्याचं माप लिमये बाईंनी काढलं. त्यांचं म्हणणं असं, की नको ते दृश्य आलं तरी आपल्या घरांत कुणी रिमोटला हात लावत नाही. रिमोटला हात लावला म्हणजे आपल्याला कळलं हे कबूल केलं. त्याऐवजी कुणीतरी घसा खाकरतं आणि म्हणतं, "पाणी आण गं जरा." किंवा कुणीतरी न सांगताच उठतं आणि पाणी घेऊन येतं, चार माणसांसाठी, ट्रेमध्ये. म्हणून बाई सिनेमा बघताना वहीत उभ्या रेघा मारत जातात आणि शेवटी निकाल देतात. "दोन पाणी." एका पाण्याचा सिनेमा बहुतेक घरांत खपतो. दोन पाण्यांचा असेल तर सासरे आणि सून एका खोलीत नकोत. तीन पाण्यांचा असेल तर भावंडांनीसुद्धा वेगवेगळा बघावा. चार पाण्यांच्या सिनेमाबद्दल बाई म्हणतात, "तो एकट्याने, आणि घरचे लग्नाला गेलेले असताना."

चौकोनात अर्थात आम्ही पाणी लिहीत नाही, सभ्य भाषेत लिहितो. पण फोनवर बाईंच्या तोंडून ते माप बाहेर पडलं आणि आता नेहमीचे लोक तेच विचारतात. दिवा स्टेशनजवळच्या गावातले एक गृहस्थ आहेत. मोठा बंगला, खाली सिनेमासाठी वेगळा हॉल. त्यांचा दर आठवड्याला फोन येतो. "ताई, आमचे हॉलान तीस मानसां बसतान. सगल्यांना चालंल असा सांग. एक पान्याचा असला तरी चालंल, आमचेकडं फ्रिज दोन हान." डोंबिवलीच्या एक बाई उलटं विचारतात. "सासूबाईंना अजिबात चालणार नाही असं काहीतरी सांगा ना. म्हणजे त्या आत जाऊन पोथी वाचतील आणि मी शांतपणे बघेन." आमच्याच कोपरीतले एक काका, कधी उठून बाल्कनीत जायचं, एवढी मिनिटं फक्त लिहून घेतात. त्यांना सिनेमा कुठला आहे यात रस नसतो. "एक्केचाळीस ते त्रेचाळीस बाल्कनी. बरोबर? आणि शेवटी?" शेवटी पण बाल्कनी असेल तर ते फार दुःखी होतात.

लिमये बाईंविषयी नीट सांगायला हवं. डोंबिवलीच्या एका शाळेत त्यांनी तीस-बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर 'भाषा सल्लागार हवेत' अशी जाहिरात वाचून, पाठ्यपुस्तकांचं काम असेल या समजुतीने त्या आमच्या ऑफिसात आल्या. इस्त्रीची सुती साडी, दोरीला लावलेला चष्मा, स्टीलचा डबा. साहेबांनी त्यांना कामाचं स्वरूप कसंबसं, खिडकीकडे बघत समजावलं. आता या उठून जातील असं साहेबांना वाटलं होतं. बाई म्हणाल्या, "म्हणजे श्लेष अलंकार. आयुष्यभर तोच शिकवला. शाळेत उदाहरणं मात्र दोनच होती."

माझं उलट होतं. मी इंग्लिश मीडियमची. मराठी घरात, तेही दूध आलं का, डबा घेतला का, एवढ्यापुरतं. मला इंग्रजी शिव्या सगळ्या यायच्या, कारण मी पुस्तकं पुष्कळ वाचली होती. उच्चारायला मात्र धीर व्हायचा नाही. पहिल्या आठवड्यात बाईंनी मला एका सिनेमातली यादी मोठ्याने वाचायला लावली. मी वाचली. त्या कौतुकाने म्हणाल्या, "उच्चार किती स्वच्छ आहेत गं तुझे. शाळेने मेहनत घेतलेली दिसते."

त्यांची शिकवण्याची पद्धत अशी. सिनेमा थांबवायच्या. "वाच ते वाक्य."

मी वाचायचे.

"कर्ता कोण?"

"प्लंबर."

"कर्म?"

"नळ."

"नळच का? पंखा का नाही?"

माझे कान तापलेले. काचेपलीकडे साहेब पाठ फिरवून बसलेले. बाई चष्मा पुसत म्हणायच्या, "लाजायचं ते घरी जाऊन लाज. इथे फक्त विग्रह करायचा."

त्यांनी मला एक गोष्ट शिकवली, ती या धंद्याचं सार आहे असं मला वाटतं. वाईट चावट सिनेमात बोलणारा माणूस चावट असतो. चांगल्या चावट सिनेमात बोलणारा अगदी निर्दोष असतो. तो भाजीबद्दलच बोलत असतो. चावटपणा ऐकणाऱ्याच्या डोक्यात होतो, आणि जो आधी हसतो तो पकडला जातो. म्हणून अशा सिनेमाच्या वेळी अख्खं घर दगडासारखं बसून राहतं. असं एखादं वाक्य सापडलं की बाई पेन खाली ठेवतात आणि म्हणतात, "या लेखकाला व्याकरण येतं हो." पाणी मात्र त्याचंही मोजतात. कौतुक वेगळं आणि निकाल वेगळा.

मी त्यांच्यामुळे या सिनेमांकडे मानाने बघायला शिकले. लोकांना वाटतं, असं काहीही लिहिता येतं. मी शेकड्याने सिनेमे बघितले आहेत. काहीही लिहिलेलं काहीही वाटतं. ज्याच्यावर आजोबा, नात आणि जावई एकाच वेळी हसू दाबतात, असं वाक्य लिहायला माणूस शहाणाच लागतो.

पण हे मला नंतर कळलं. आधी माझी चूक.

मला लागून सहा महिने झाले होते. बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्या दहा दिवस रजेवर गेल्या. त्याच दिवसांत एक मराठी विनोदी सिनेमा आला. नाव लिहीत नाही. त्यात एक पिठाची गिरणी आहे. गावातली एक बाई दळण घेऊन येते आणि गिरणीवाला आणि ती अकरा मिनिटं बोलतात. बारीक हवं की जाड. आज गर्दी आहे, उद्या सावकाश या. पट्टा सैल झालाय, दगड गुळगुळीत झालाय, त्याला टाकी लावायला हवी. डबा उघडा ठेवून जा.

खरं सांगते, मला ते दृश्य फार आवडलं. सकाळपासून मी तीन इंग्रजी सिनेमे बघितले होते, नुसता आरडाओरडा आणि शिव्या. आणि इथे दोन माणसं आपल्या कामाबद्दल इतकी शांतपणे, अहो-जाहो करत बोलत होती. संवादांतला संवाद मला कळला नाही. मी दोन चुंबनं टिपली, एक आंघोळ टिपली, एक इंग्रजी शब्द मिनिटासकट टिपला. एक पाणी. आणि चौकोनात शेवटची ओळ लिहिली, 'गिरणीचं दृश्य माहितीपूर्ण असून आपल्या पारंपरिक व्यवसायाची मुलांना छान ओळख होईल.'

शुक्रवारी चौकोन लागला. सोमवारी सकाळी फोन आला.

"तुम्ही लोकच लिहिता ना ते खाली?" आवाज माझ्याच वयाचा होता. रडून झालेला. "मी शहाडहून पल्लवी बोलतेय."

पल्लवीच्या लग्नाला महिना झाला होता. काल रविवारी दुपारी जेवणं व्हायच्या आधी सगळे हॉलमध्ये बसले होते. ती, तिचा नवरा नीलेश, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांना सगळे तात्या म्हणतात. सासूबाई म्हणाल्या, आज सूनबाई लावेल तो सिनेमा. पल्लवीने घाबरत घाबरत दहा चौकोन वाचले आणि त्यातला आमचा निवडला, कारण त्यात गिरणी होती.

"गिरणी का?" मी विचारलं.

"अहो, कारण तात्यांची गिरणी होती ना! पस्तीस वर्षं. घराच्या खालीच आहे. गुडघ्यांमुळे बंद केली गेल्या वर्षी. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. आणि तुम्ही लिहिलं होतं माहितीपूर्ण."

मी समोरच्या पडद्यावर माझाच चौकोन उघडला.

"तिसऱ्या वाक्याला माझ्या लक्षात आलं. रिमोट माझ्याच हातात होता. पण बंद केला तर सगळ्यांना कळणार ना, मला कळलं म्हणून? मी तशीच बसले. आणि तो पट्ट्याचा डायलॉग आला आणि तात्या उठले. एक शब्द नाही बोलले. सरळ स्वयंपाकघरात गेले आणि मिक्सर लावला. पाच मिनिटं मिक्सर चालू. आम्ही इकडे तसेच. स्वतःची चटणी स्वतः केली त्यांनी. म्हणजे माझ्या हातचं नको."

तेव्हापासून तात्या तिच्याशी बोलत नव्हते. ती समोर आली की मान फिरवायचे. रात्री ताट घेऊन आत बसले. आणि येत्या रविवारी पल्लवीचे आईवडील पहिल्यांदा जेवायला येणार होते, तर तात्या म्हणत होते की मी जुन्नरला गावी जातो, तुम्ही जेवा.

"नीलेश म्हणतो, सोड ना यार, विसरतील. पण लावला मी ना? त्यांना वाटतंय मी मुद्दाम लावला. गिरणीवाल्याच्या घरात येऊन गिरणीवाल्याची थट्टा. माझ्या आईबाबांना काय सांगू, सासरे का नाहीत?" मग तिने विचारलं, "कुणी लिहिलं हो ते?"

मी म्हटलं, "आम्ही चौकशी करतो."

'आम्ही' हा शब्द किती सोयीचा आहे ते मला त्या दिवशी कळलं. त्याची मला आजही लाज वाटते. चुकीची तेवढी वाटत नाही, या शब्दाची वाटते.

बाई बुधवारी आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी काळ्या चष्म्यातून ते अकरा मिनिटांचं दृश्य बघितलं. मग मागे नेऊन परत बघितलं. मग एक वाक्य तिसऱ्यांदा.

"किती पाणी?" मी विचारलं.

"तीन. पण काय लिहिलंय!" त्या म्हणाल्या. "आता तुझा चौकोन वाच."

मी वाचला. मुलांना छान ओळख होईल, इथपर्यंत. बाईंनी काळा चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, परत लावला.

"मधुरा, हे तू मनापासून लिहिलंस?"

"हो."

"बस." आणि त्यांनी पहिल्या वाक्यापासून विग्रह सुरू केला. पाऊण तास लागला. ते संवाद मी इथे लिहू शकत नाही, संपादकांनाच पाणी मागवावं लागेल. मी एकेका वस्तूवर बोट ठेवत गेले.

"पट्टा पण?"

"पट्टा पण."

"दगडाची टाकी?"

"अर्थात."

"आणि चाळणी?"

बाईंनी विचार केला. "नाही. चाळणी ही चाळणीच आहे. तेवढी एक त्याने सोडली."

मी टेबलावर डोकं ठेवलं. थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "तो मिक्सर किती वेळ चालला म्हणालीस?"

"पाच मिनिटं."

"चटणी कुणी खाल्ली?"

हे मी विचारलं नव्हतं. बाईंनी मला फोन लावायला लावला. पल्लवी गोंधळली. "चटणी? नाही हो, ताटात नव्हतीच चटणी. काय माहीत... एक मिनिट. भांडंही नव्हतं घासायला. संध्याकाळी मी मिक्सर पुसला तर भांडं कोरडं होतं."

मी बाईंना सांगितलं. त्यांनी डबा बंद केला, झाकणाची कडी लावली. "शनिवारी शहाडला जायचं."

"कुणी?"

"चौकोन कुणी लिहिला?"

साहेब म्हणाले, अशी पद्धत नाही, आपण कुणाच्या घरी जात नाही. बाई म्हणाल्या, "मी पाहुणी म्हणून जाते आहे. ही माझ्या सोबतीला. मला नीट दिसत नाही."

कल्याणहून आम्ही रिक्षा केली. रस्ताभर मी माफीचं वाक्य जुळवत होते, आधी इंग्रजीत, मग त्याचं मराठी. बाई एकदाच बोलल्या. "कर्ता लपवू नकोस एवढं बघ."

घर नदीच्या बाजूला, जुनं दुमजली. खाली गिरणीचं अर्धं वर केलेलं शटर. वर्षभर धंदा बंद असूनही भिंतींवर, बल्बवर, मीटरच्या डब्यावर पिठाची पांढरी साय होती. तात्या आत स्टुलावर बसले होते. बारीक, उंच, चेहरा असा की त्यावर काही उमटतच नाही. पल्लवी आम्हाला घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. तात्यांनी तिच्याकडे बघितलं आणि लगेच मान फिरवली. ती म्हणाली होती तसंच.

"तात्या, ह्या त्या सिनेमावाल्या ऑफिसातून आल्यात."

"या. बसा." तात्यांनी पोत्यावरची धूळ झटकली. "दळण बंद हाय. पण मशीन चांगलंय. पंधरा दिवसांनी फिरवतो, न्हाईतर जाम होतंय."

बाई बसल्या. मी उभीच राहिले. जुळवलेलं वाक्य आठवेना.

"तो चौकोन मी लिहिला," मी म्हटलं. "पल्लवीची काही चूक नाही. तिने मी लिहिलेलं वाचून सिनेमा लावला."

दारातून पल्लवी म्हणाली, "तुम्ही? फोनवर पण तुम्हीच होतात ना?"

"हो."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"भीती वाटली."

ती हळू म्हणाली, "मलाही तीच वाटतेय आठ दिवस."

तात्यांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "कसली भीती? कोन कुनाला काय म्हनलं?"

"तुम्ही रागावलात ना तात्या," पल्लवी म्हणाली. "मला खरंच माहीत नव्हतं तसलं काही असेल. त्यांनी लिहिलं होतं—"

"काय लिहिलं होतं?" तात्यांनी मला विचारलं.

मी बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली. मी मोबाइल काढला आणि वाचलं. माझ्या आयुष्यात मी इतकं हळू काही वाचलेलं नाही. "गिरणीचं दृश्य माहितीपूर्ण असून आपल्या पारंपरिक व्यवसायाची मुलांना छान ओळख होईल."

तात्यांचा चेहरा तसाच होता. फक्त गळ्यापाशी काहीतरी हललं. ते उठले. काही न बोलता मागच्या भिंतीपाशी गेले आणि त्यांनी खटका वर केला.

गिरणी सुरू झाली. पायाखालची जमीन थरथरायला लागली, भिंतीवरचं पीठ झडायला लागलं, आणि त्या आवाजात दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. तात्या आमच्याकडे पाठ करून, पट्ट्यापाशी भिंतीला हात टेकून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं, म्हातारा माणूस रडतो आहे आणि हे मी केलं. मग ते जरासे वळले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड उघडं होतं, सगळे उरलेले दात दिसत होते. ते हसत होते. गुडघ्यावर हात ठेवून वाकले, परत सरळ झाले, परत वाकले. बाईंकडे बघितलं तर त्या काळ्या चष्म्याखाली पदर धरून बसल्या होत्या आणि पोत्यासकट हलत होत्या. आवाज फक्त गिरणीचा.

मग तात्यांनी खटका खाली केला. गिरणी थांबते ती एकदम थांबत नाही, पट्टा हळूहळू धाप टाकत थांबतो. तो थांबला आणि तात्यांचं शेवटचं हसू, बारीक, लहान मुलासारखं, एकटंच बाहेर राहिलं. सगळ्यांनी ऐकलं. ते पकडले गेले.

पल्लवी दोन पावलं आत आली. "तात्या... मिक्सर?"

तात्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "वर गिरणी कुठंय, सूनबाई?"

मग त्यांनी सांगितलं. पस्तीस वर्षं समोर बायामाणसं दळण घेऊन उभी, आणि कट्ट्यावर टवाळ पोरं असलंच बोलणार. "आन बाया काय कमी होत्या का? त्या बोलायच्या तसलं ह्या सिनेमावाल्याला सुचायचं न्हाई." पण गिरणीवाला हसला तर गिऱ्हाईक तुटलं. चार जणी म्हणणार, हाही त्यातलाच. म्हणून असं काही कानावर आलं की ते पट्टा बघायला मागे जायचे. "गिरणी चालू आसली की मानूस रडला काय, हसला काय, भायेर कळत न्हाई. पस्तीस वर्षं म्या हितं हसलोय. आन परवा सूनबाईंसमोर बसलोय, घरात सगळी शांतता, आन त्यो पट्ट्याचं बोलला! काय करनार?"

"मग माझ्याशी बोलत का नाही?"

"तोंड बघितलं की पट्टा आठवतोय." त्यांचा गळा परत हलला. "तुजे वडील यायचे. नवीन सोयरे. त्यांच्याम्होरं हसू फुटलं, तर सांगू काय? त्यापरास गावी गेलेलं बरं."

पल्लवी खाली त्या पिठातच बसली आणि मोठ्याने हसायला लागली, आणि हसता हसता थोडी रडली. सासऱ्यांसमोर, खटका बंद असताना.

निघताना मी तात्यांना म्हटलं, चौकोन आजच बदलते. त्यांनी मला थांबवलं. "पर तुम्ही खोटं काय लिवलंय? म्या नीट बघितलं ना. पट्टा तसाच चढवत्यात. टाकी तशीच लावत्यात. सिनेमावाल्याने गिरणी बरोबर दाखवलीय." एवढ्या दिवसांत माझ्या बाजूने बोललेलं हे पहिलं वाक्य होतं, म्हणून मी ते जपून ठेवलं आहे. चौकोन अर्थात बदलला. तीन पाणी. रिक्षात बाई म्हणाल्या, "पस्तीस वर्षं! आणि चेहऱ्यावर काही नाही. मी वर्गात नुसतं श्लेष म्हटलं तरी मागच्या बाकावर फुटायचे." एवढं कौतुक मी त्यांच्या तोंडून कुठल्या नटाचं ऐकलेलं नाही.

रविवारी तात्या गावी गेले नाहीत. पल्लवीने सोमवारी फोन करून सांगितलं. जेवणं छान झाली. फक्त तिच्या बाबांनी विचारलं, "गिरणी आता बंदच का?" आणि तात्या घाईघाईने म्हणाले, "पट्टा—" आणि उठून आत गेले. तिचे बाबा म्हणाले, काय झालं? पल्लवी म्हणाली, "काही नाही, चटणी करतायत."

बाईंच्या वहीत आता पाण्याशेजारी आणखी एक रकाना आहे, मिक्सरचा. तो पाण्यासारखा मोजायचा नाही. एखाद्या सिनेमाला मिळाला तर मिळाला. अडीच वर्षांत चार सिनेमांना मिळाला आहे. लेखकांना आम्ही कधी कळवलं नाही. कळवायला हवं होतं, असं मला वाटतं.

हा अंक आमच्या घरी येतो. बाबा तो पहिल्या पानापासून, जाहिरातींसकट, क्रमाने वाचतात. या पानावर यायला त्यांना साधारण चार दिवस लागतील. त्या दिवशी आत जाऊन बसायचं नाही, हॉलमध्येच बसायचं, असं मी ठरवलं आहे. त्यांनी पाणी मागितलं तर आणून देईन. आणि काही न बोलता उठून स्वयंपाकघरात गेले, तर मिक्सरचं भांडं मी आधीच धुऊन, कोरडं करून ठेवलेलं असेल.